कुरणातला डाग आणि मनगटावरची पट्टी : चँडलरमधून दिसणारा एक इतिहास

रुग्ण कोणता, औषध कोणते, रक्ताची पिशवी कोणासाठी आणि यंत्र या क्षणी कोठे, हे सांगणाऱ्या मागोवा-तंत्राचा इतिहास बहुधा वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचा एक अध्याय म्हणून लिहिला जातो; परंतु या तंत्रातील जवळजवळ प्रत्येक साधन रुग्णालयाच्या बाहेर, गुरांच्या कुरणात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आणि कार्यालयांच्या मार्गिकांत घडले आणि तेथे रुळल्यानंतर, बरेच उशिरा, रुग्णशय्येपर्यंत पोहोचले. ही उसनवारी स्पष्ट दिसण्यासाठी बोस्टन किंवा लंडनची नामांकित रुग्णालये ही योग्य जागा नव्हे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या आग्नेयेस वसलेले आणि २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेतीन लाख वस्तीचे चँडलर हे शहर त्या दृष्टीने अधिक सोयीचे ठरते, कारण एका पशुवैद्याने वसवलेले हे गाव पुढे इलेक्ट्रॉनिक चिपांचे गाव झाले आणि ज्या चिपांवर मागोव्याची साधने उभी राहिली त्यांपैकी काहींचा कारभार येथूनच चालला. रुग्णाचा मागोवा घेण्याची कल्पना चँडलरमध्ये जन्मली असा दावा मात्र करता येत नाही, आणि तसा तो येथे केलेलाही नाही.

कॅनडात जन्मलेले व तेथेच पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर १८८७ मध्ये ॲरिझोनात आले, तेव्हा तो प्रदेश अद्याप राज्यही झालेला नव्हता. त्या प्रदेशाचे पहिले सरकारी पशुवैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पुढे दुष्काळ, कालवे आणि जमीन यांच्या व्यवहारात ते इतके गुंतले की वैद्यकी मागे पडली. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात त्यांनी कालव्याचा उद्योग उभारला, हजारो एकर जमीन जमवली आणि ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ मे १९१२ रोजी, आपल्या कुरणाचे भूखंड पाडून विक्रीस काढले. या शहराचा आरंभ त्या दिवसापासून मानला जातो. ज्या नोकरीसाठी ते आले तिचा विषय होता गुरांचे आरोग्य, आणि मोकळ्या रानात शेकडो मैल चरणाऱ्या गुरांचे आरोग्य सांभाळायचे तर आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते : समोरचे जनावर कोणाचे, आणि ते कोठून आले. अमेरिकेच्या पश्चिम भागात या प्रश्नाचे उत्तर तापलेल्या लोखंडाने कातडीवर दिलेला डाग हे होते. डागावरून मालक कळतो, पण एकाच मालकाच्या दोनशे गाईंपैकी ही नेमकी कोणती, हे कळत नाही. कळपाची ओळख आणि एका जनावराची ओळख यांतला हा फरक पुढच्या साऱ्या तंत्राच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्याच्या गोठ्यातल्या प्रत्येक गाई-म्हशीच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि लसीकरणाची नोंद त्या क्रमांकावर होते.

बिल्ला वाचायचा तर जनावराजवळ जावे लागते आणि ते जनावर उभे राहावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी रेडिओलहरींचा उपयोग करण्याचा विचार जुना आहे. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच असे दाखवून दिले होते की, एका ठिकाणाहून सोडलेली लहर दुसऱ्या वस्तूवरून परतताना त्या वस्तूने तिच्यात केलेला बदल वाचता आला, तर त्या वस्तूला स्वतःचा प्रक्षेपक बाळगण्याचे कारण उरत नाही. कल्पना पुढे होती आणि सुटे भाग मागे होते. लहान, स्वस्त आणि जवळजवळ वीज न खाणारी मंडले तयार होईपर्यंत पाव शतक गेले. ॲरिझोनाच्या शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, अणुबाँबमुळे नाव झालेल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत, आल्फ्रेड केल, स्टीव्हन डेप आणि रॉबर्ट फ्रेमन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कल्पना प्रत्यक्षात उतरलेली दिसते. या कामामागे अमेरिकेच्या कृषी खात्याची निकड होती : गाईची ओळख पटावी आणि तिच्या शरीराचे तापमानही कळावे, म्हणजे आजारी जनावर वेळीच वेगळे काढता येईल. रुग्णाची ओळख आणि त्याची प्रकृती एकाच वाचनात कळावी ही आजच्या रुग्णालयांची अपेक्षा तेथे शब्दशः आढळते, फक्त रुग्ण चार पायांचा आहे.

चँडलरचा या कथेतला दुसरा प्रवेश कारखान्यांच्या वाटेने होतो. मोटोरोला कंपनीने १९४९ मध्ये फिनिक्स येथे संशोधनशाळा उघडल्यापासून या खोऱ्यात इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे बस्तान बसत गेले, १९८० मध्ये इंटेलने चँडलरमध्ये चिपनिर्मिती सुरू केली, आणि कापसाच्या शेतांतून उद्योगांची एक लांब पट्टी उभी राहिली. भारतातून गेलेल्या अभियंत्यांची, आणि त्यांत मराठी कुटुंबांचीही, जी वस्ती आज तेथे आढळते ती या कारखान्यांच्या मागोमाग आलेली आहे. याच शहरात १९८७ मध्ये मोटोरोलाच्या तीन अभियंत्यांनी इरिडियम या उपग्रह-दूरध्वनी योजनेचा आराखडा मांडला. सहासष्ट उपग्रहांनी साऱ्या पृथ्वीला वेढणारी ती योजना या लेखाच्या विषयात बसत नाही. पण आकाशातून येणारे क्षीण संकेत रुग्णालयाच्या काँक्रीटच्या छताखाली पोहोचत नाहीत आणि वाळवंटात भरकटलेल्या माणसाचा ठावठिकाणा उपग्रहाला सांगता येत असला तरी तिसऱ्या मजल्यावरचा रुग्ण कोणत्या खोलीत आहे हे त्याला सांगता येत नाही, एवढ्यासाठी तिचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची कंपनी मायक्रोचिप टेक्नॉलॉजी ही होय. जनरल इन्स्ट्रुमेंट या जुन्या कंपनीच्या सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिक विभागातून १९८९ मध्ये ती स्वतंत्र झाली, तिचे मुख्यालय चँडलरमध्ये राहिले, आणि भारतात जन्मलेले स्टीव्ह सांघी यांच्याकडे १९९१ मध्ये सूत्रे आल्यानंतर लहानसहान उपकरणांना बुद्धी देणाऱ्या स्वस्त नियंत्रक-चिपांच्या बळावर ती सावरली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीने रेडिओ-ओळखीच्या चिपांची एक मालिका बाजारात आणली. तिच्यातील एमसीआरएफ २०० ही चिप जवळून पाहिली तर या तंत्राचे बळ आणि मर्यादा दोन्ही एकदम ध्यानात येतात. या चिपला बॅटरी नसते. तिच्या दोन टोकांना तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते. वाचकयंत्र सुमारे १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, वेटोळे त्या क्षेत्रात येताच त्यात वीज उपजते, त्या विजेवर चिप जागी होते आणि आपल्या स्मृतीतले अंक ओळीने वाचत वेटोळ्यावरचा भार कमीजास्त करते. वाचकयंत्राला आपल्याच क्षेत्रातील हा सूक्ष्म चढउतार जाणवतो आणि त्यातून तो क्रमांक उलगडतो. इतक्या कमी वारंवारतेच्या क्षेत्राला पाणी आणि मांस फारसे अडवत नाही, म्हणून जनावराच्या कातडीखाली बसवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या काचनळीसाठी हीच वारंवारता-पट्टी निवडली गेली. उलट गोदामांत वापरल्या जाणाऱ्या, काही मीटरांवरून वाचता येणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी शरीरातील पाणी शोषून घेते आणि रुग्ण हात उशीखाली घेऊन झोपला की त्याच्या मनगटावरची अशी पट्टी वाचली जात नाही.

या चिपची स्मृती जास्तीत जास्त १२८ बिटांची, म्हणजे रोमन लिपीतील सोळा अक्षरांपुरती, आणि ती एकदाच लिहिता येणारी. एवढ्याशा जागेत रुग्णाचे नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे यांपैकी काहीही मावत नाही. मावतो तो केवळ एक क्रमांक. तो क्रमांक कोणाचा, हे दूर कोठेतरी संगणकात नोंदलेले असते आणि ती नोंद कोणीतरी माणसाने, बहुधा दाखल करून घेण्याच्या खिडकीवर, घाईत केलेली असते. थोडक्यात, यंत्र टॅग, म्हणजे चिप आणि वेटोळे यांचा बिल्ला, ओळखते, रुग्ण ओळखत नाही. रुग्णालयांनी हे तंत्र स्वीकारताना झालेला बराचसा अपेक्षाभंग या एका वस्तुस्थितीच्या विस्मरणातून झालेला आहे, असे म्हणावे लागते.

चँडलरचे स्वतःचे सार्वजनिक रुग्णालय १९६१ मध्ये सुरू झाले. चँडलर कम्युनिटी हॉस्पिटल या नावाने आरंभ झालेली ही संस्था पुढे चँडलर रीजनल झाली, १९९९ मध्ये कॅथलिक हेल्थकेअर वेस्ट या मोठ्या साखळीत सामील झाली आणि २०१२ मध्ये त्या साखळीचेच नाव डिग्निटी हेल्थ झाले. गावातल्या ओळखीपाळखीच्या लहान रुग्णालयाचे महानगरी साखळीतील घटकात रूपांतर होण्याची ही कथा असंख्य गावांची आहे, आणि ओळखीचा प्रश्न बिकट होतो तो नेमका याच टप्प्यावर. रुग्ण मोजके असतात तोवर परिचारिका त्यांना चेहऱ्याने ओळखते. पाळ्या बदलू लागल्या, रुग्ण एका विभागातून दुसऱ्यात हलवले जाऊ लागले आणि एकाच मजल्यावर एकाच आडनावाचे दोघे दिसू लागले की चेहऱ्याची साक्ष पुरत नाही. यावर जुने उपाय होते. अमेरिकेतील अनेक प्रसूतिगृहांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवजात बाळाच्या गळ्यात किंवा मनगटात आईच्या आडनावाची अक्षरे कोरलेल्या मण्यांची माळ बांधून तिचे टोक शिशाच्या गोळीने बंद करीत. त्यानंतर प्लास्टिकची, कापल्याशिवाय न निघणारी पट्टी आली. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता मात्र ओळखीचे साधन म्हणून कायम राहिला, आणि तो पलंगाचा असतो, माणसाचा नसतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ पासून लागू केलेल्या सुरक्षा-उद्दिष्टांत औषध वा रक्त देण्यापूर्वी रुग्णाची किमान दोन चिन्हांवरून ओळख पटवावी आणि त्यांत खोलीचा क्रमांक धरू नये असा दंडक घातला, यावरून खोली वा पलंगावरून रुग्ण ओळखण्याची ही सवय किती खोल रुजली होती याची कल्पना येते.

या दंडकामागे १९९९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल होता. उपचारांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे अमेरिकी रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावतात असा अंदाज त्यात मांडला होता. या आकड्यांवर वाद झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत, परंतु चूक ही व्यक्तीच्या निष्काळजीपणापेक्षा कामाच्या रचनेतून उद्भवते हा त्यातला मुद्दा टिकला, आणि रचना सुधारायची तर यंत्र आणावे या निष्कर्षाला तेथून राजमान्यता मिळाली.

त्यावेळी हाताशी असलेले यंत्र किराणा दुकानातले होते. उभ्या रेघांचा बारकोड प्रथम २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात, च्युइंगमच्या पुड्यावर, वाचला गेला. तो रुग्णशय्येशी आणण्याचे श्रेय एका परिचारिकेकडे जाते. कॅन्सस राज्यातील टोपिका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना तेथील कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने गाडीवरचा संकेत वाचलेला पाहिला, आणि मोटारीची नोंद अशी होते तर औषधाची का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी संस्थेपुढे मांडला. टोपिकात नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्याचा प्रयोग झाला आणि १९९९ पासून माजी सैनिकांच्या देशभरच्या रुग्णालयांत ही पद्धत बसवण्यात आली. पद्धत वर्णन करण्यास सोपी आहे : परिचारिका आधी रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा संकेत वाचते, मग औषधाच्या पुडीवरचा, आणि संगणक डॉक्टरांच्या लेखी आज्ञेशी दोन्ही ताडून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाचांपैकी एकही जुळले नाही तर पडद्यावर इशारा देतो. ती चालण्यासाठी प्रत्येक पुडीवर वाचनीय संकेत हवा. तो बंधनकारक करणारा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००४ मध्ये काढला.

या पद्धतीने नेमके काय साधले याचे पुरावे चांगले आहेत. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात औषध देण्याच्या चौदा हजारांहून अधिक प्रसंगांचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेळेच्या चुका वगळता, चुकांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. त्यापूर्वी दोन वर्षे रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांत केलेला अभ्यास मात्र याच पद्धतीची दुसरी बाजू दाखवतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक बोलका आहे. परिचारिका यंत्राला वळसा घालून काम उरकण्याच्या पंधरा प्रकारच्या युक्त्या योजत असल्याचे त्यांना दिसले : रुग्णाच्या संकेताची दुसरी प्रत छापून ती औषधांच्या ढकलगाडीवर, स्कॅनरवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवली जाई आणि रुग्णाच्या हाताला स्पर्शही न करता तिचे वाचन उरके, अनेक रुग्णांची औषधे आधीच वाचून एकाच गाडीवर नेली जात. यास आळस म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण कारणे पाहिली की तसे करवत नाही. पट्ट्या पाण्याने भिजलेल्या किंवा चावून खराब झालेल्या असत, पुडीवरच्या रेघा चुरगळलेल्या किंवा पुसट झालेल्या असत, स्कॅनरची बॅटरी संपे, बिनतारी जोडणी तुटे, आणि झोपलेल्या रुग्णाला उठवून त्याचा हात पांघरुणातून बाहेर काढणे हे रात्रपाळीच्या परिचारिकेच्या शिकवणीविरुद्ध असे. यंत्राने नोंदवले की योग्य रुग्णाला औषध दिले. प्रत्यक्षात त्याने दाराची चौकट वाचलेली होती.

ही अडचण रेडिओ-टॅगने सुटेल, कारण त्याला समोरासमोर धरून वाचावे लागत नाही, अशी आशा याच काळात पालवली आणि येथून चँडलरसारख्या गावांतल्या चिपांचा रुग्णालयातील शिरकाव वाढला. त्याची वाट आधीच तयार होती. बाळ पळवून नेण्याच्या घटना रोखण्यासाठी प्रसूतिविभागाच्या दारांवर इलेक्ट्रॉनिक टॅग ओळखणारी यंत्रणा नव्वदच्या दशकात बसू लागली होती. माणसाची खोली कळावी यासाठीचे तंत्र तर चक्क कार्यालयासाठी घडले होते : केंब्रिजमधील ऑलिव्हेट्टी संशोधनशाळेत रॉय वाँट आणि अँडी हॉपर यांनी १९८९ ते १९९२ या काळात छातीला लावण्याचा असा बिल्ला तयार केला की जो दर पंधरा सेकंदांनी अवरक्त प्रकाशाचा एक लहानसा संकेत सोडी, आणि भिंतीतून तो प्रकाश आरपार जात नसल्याने ज्या खोलीतल्या ग्राहकाला तो मिळाला त्याच खोलीत माणूस आहे, हे निश्चित होई; बिल्ल्याचा मूळ हेतू एवढाच होता की फोन आला तर तो कोणत्या खोलीत जोडावा हे कळावे. भिंत हा अवरक्त प्रकाशापुढचा अडथळा येथे गुण ठरला, आणि रुग्णालयांतील ठावठिकाणा-यंत्रणा आजही पुष्कळदा रेडिओ आणि अवरक्त प्रकाश यांची सांगड घालतात ती यामुळे.

रेडिओ-टॅगचा सर्वांत निर्विवाद उपयोग शस्त्रक्रियागृहात झाला. पोटात राहून गेलेला कापसाचा बोळा ही शल्यचिकित्सेतील जुनी, लाजिरवाणी चूक आहे. बोळे मोजण्याची पद्धत आणि त्यात विणलेला, क्ष-किरणांत दिसणारा धागा हे उपाय असूनही ती घडत राहिली. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २००६ मध्ये आठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत बोळ्यात टॅग शिवून, टाके घालण्यापूर्वी पोटावरून वाचक-दांडी फिरवली, तेव्हा मुद्दाम ठेवलेला प्रत्येक बोळा सापडला. चाचणी लहान होती. पण प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही एवढेच हवे होते, नोंदवहीतल्या नावाशी ताडणी करायची नव्हती, म्हणून तंत्राची मूळ मर्यादा येथे आड आली नाही.

इतरत्र ती मर्यादा आड आली, आणि तिच्या जोडीला एक अनपेक्षित धोकाही आला. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठ-रुग्णालयातील संशोधकांनी २००८ मध्ये अतिदक्षता विभागातील ४१ उपकरणांजवळ रेडिओ-वाचकयंत्रे ठेवून १२३ चाचण्या घेतल्या. त्यांपैकी ३४ वेळा उपकरणाच्या कामात व्यत्यय आला आणि २२ वेळा तो धोकादायक स्वरूपाचा होता. या चाचण्या रुग्णाविना घेतल्या होत्या आणि वाचकयंत्रे मुद्दाम जवळ आणली होती, हे खरे; तरीही सुरक्षेसाठी आणलेले साधन स्वतःच सुरक्षेचा प्रश्न होऊ शकते हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकी रुग्णालयांनी टॅग लावले ते प्रामुख्याने सलाइनचे पंप, चाकांच्या खुर्च्या आणि खाटा यांना, कारण हरवलेल्या पंपाचा शोध लागला की पैसे वाचतात आणि तो हिशेब व्यवस्थापनाला मांडता येतो. परिचारिकांच्या अंगावर टॅग लावण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हात धुतले का हे पाहण्यासाठी आणलेली यंत्रणा चहाला किती वेळ लागला हेही सांगते, याची जाणीव त्यांना व्यवस्थापनाआधी झाली. माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी अमेरिकी सरकारने २०१२ मध्ये ५४ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे ठावठिकाणा-यंत्रणेचे कंत्राट दिले. त्याच्या अंमलबजावणीवर २०१७ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी कठोर ताशेरे ओढले. मोटार परत करताना सुचलेल्या कल्पनेने ज्या संस्थेत यश मिळवले, त्याच संस्थेत तिच्याहून कितीतरी महाग यंत्रणा अडखळली.

दरम्यान चँडलरच्या मायक्रोचिपने २०१६ मध्ये ॲटमेल ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर कमी वारंवारतेच्या ओळख-चिपांची आणखी एक जुनी मालिका या शहराच्या कारभाराखाली आली. या जातीच्या चिपा जनावरांच्या टॅगांत आणि दारे उघडणाऱ्या ओळखपत्रांत जातात. रुग्णशय्येशी मात्र आजही सर्वाधिक विसंबले जाते ते कागदावर छापलेल्या संकेतावर, कारण तो स्वस्त आहे आणि यंत्राला वळसा घातला नाही तर त्याच्या वाचनासाठी परिचारिकेला रुग्णाच्या हातापर्यंत जावे लागते.

भारतात हाच प्रवास दुसऱ्या टोकाकडून सुरू झालेला दिसतो. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला असून त्यात औषधाचे नाव, उत्पादक, गटक्रमांक आणि मुदत यांची माहिती असते, आणि बनावट औषधे पकडणे हा त्याचा घोषित हेतू आहे. नियमानुसार हा संकेत मूळ वेष्टनावर, आणि तेथे जागा नसल्यास बाहेरच्या खोक्यावर छापता येतो. वॉर्डातली परिचारिका पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून रुग्णाच्या हातावर ठेवते तेव्हा खोके औषधांच्या कपाटातच राहिलेले असते.